एकतीस नंबरची पूजा

नक्कल करायची तर आधी तो माणूस आवडावा लागतो, असं लोक म्हणतात. साफ खोटं आहे. मनोहरभाऊ ठोंबरेची नक्कल मी चार वर्षं करतोय. हळदीत केली, पूजेच्या जागरणात केली, कर्जत स्टेशनबाहेर सीट भरायची वाट बघत रिक्षात बसल्या-बसल्या केली. या माणसाचा एक केससुद्धा मला कधी आवडला नाही. तसे केस फार नव्हतेच. जे होते ते डाव्या कानावरून उचलून उजव्या कानापर्यंत नेलेले, आणि हायवेवरून ट्रेलर गेला की एका हातानं दाबून धरलेले.

चौकला जुन्या हायवेवर, एका गॅरेजच्या आणि एका धाब्याच्या मधे, बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरचं शोरूम होतं. तिथं पहिलं टेबल त्याचं. दुसरं माझं. माझ्याकडे पासिंगचे आणि विम्याचे कागद. त्याच्याकडे माणसं. गिऱ्हाईक आत आलं की तो नाकातून बोलायला लागायचा. एरवी घशातूनच बोलायचा, पण गिऱ्हाईक दिसलं की आवाज वर चढून नाकात जाऊन बसायचा.

"बसा ताई, बसा. पाणी घ्या. पाणी थंड हाय आन् गाडी गरम होनार नाय."

हा विनोद तो दिवसाला दहा वेळा करायचा आणि दहाही वेळा आधी स्वतः हसायचा. पांढराफेक शर्ट, गळ्याला पावडर, खिशाला दोन पेनं. एक गिऱ्हाइकाला द्यायचं आणि एक नुसतं खिशाला शोभा म्हणून, त्यात रिफिलच नव्हती. मी एकदा उघडून बघितलं होतं.

त्याची एक सवय मी पहिल्याच आठवड्यात टिपली. सही होईपर्यंत तो गिऱ्हाइकाला 'तुमी' म्हणायचा. शेवटची सही झाली की 'तू'. मधे काही नाही. "तुमी हितं सही करा काका," आणि पेन परत खिशात गेलं की, "हां, आता तू त्या बाकड्यावर बस." माणसं इतकी खुशीत असायची की त्यांना कळायचंही नाही. माणूस गाडीला हार घालून हायवेवर गेला की मनोहरभाऊ माझ्याकडे मान वळवायचा आणि म्हणायचा, "येडं हाय. गेलं सही करून."

सगळेच येडे. माथेरानला हॉटेलात काम करणारी पोरं येडी, खालापूरचे शेतकरी येडे, रसायनीचे फिटर येडे, आणि मी तर पगारी येडा.

आता सह्यांचं सांगतो, कारण या माणसाची सगळी कला त्यातच होती. एका गाडीला चौदा सह्या लागायच्या. पंधरा पानांचं करारपत्र. अक्षर इतकं बारीक की कागदावर मुंग्या चालल्यात असं वाटावं. मनोहरभाऊ ते पुढ्यात उघडायचा, अंगठ्याला थुंकी लावायचा, आणि डाव्या हाताचा पंजा पानावर असा पसरायचा की सहीची जागा सोडून बाकी सगळं पान पंज्याखाली. मग एकेका सहीला एकेक प्रश्न. पहिल्या सहीला, "गाव कंचं?" तिसरीला, "कुलदैवत?" पाचवीला, "पोरगी कितवीला हाय?" माणूस उत्तर देत राहायचा आणि हात सही करत राहायचा.

नववं पान आलं की तो थांबायचा. पेन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि काचेतून बाहेर बोट करायचा.

"गाडीवर नाव काय टाकायचं?"

झालं. राजा असो की रंक, नवीन गाडीवर नाव काय टाकायचं म्हटलं की माणूस गाडीकडेच बघणार. कोणी पोरीचं नाव सांगायचं, कोणी देवीचं, कोणी 'आई-बाबांचा आशीर्वाद'. नजर बाहेर, हसू तोंडावर, आणि हात नवव्या पानावर सही करून मोकळा. मी दुसऱ्या टेबलावरून शेकडो वेळा बघितलं. एकदाही चुकलं नाही.

नवव्या पानावर कलम एकतीस होतं. ते मी सांगतो, कारण मला तेव्हा काम कमी असायचं आणि मी एका दुपारी वाचून काढलं होतं. जुन्या फॉर्ममधलं, इंग्रजीतलं. अर्थ असा की गाडीवरून कंपनीशी भांडण झालं तर कोर्टबिर्ट काही नाही. कंपनी एक लवाद नेमणार. लवाद म्हणजे निवाडा करणारा माणूस, पण निवडणार कंपनी. तो बसणार गुरुग्रामला. आणि तिथलं सगळं काम इंग्रजीत. म्हणजे खालापूर तालुक्यातल्या माणसानं ट्रेननं दिल्लीकडे जायचं, आणि कंपनीनंच बसवलेल्या साहेबाला इंग्रजीत समजावून सांगायचं की माझी गाडी चढावर मरते.

मी मनोहरभाऊला विचारलं होतं, "भाऊ, हे एकतीस नंबर बघितलंत का?"

"वाचायला काय कादंबरी हाय का रं ती?" तो म्हणाला. "मी पान उलटतो. पान उलटायचा पगार मिळतो मला. वाचायचा नाय."

पण वाचणारं कोणीतरी कधीतरी यायचंच. पळसदरीचे एक रिटायर्ड पोस्टमन आले होते. मे महिना. चष्मा काढला, पुसला, लावला, आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवून वाचायला बसले. मनोहरभाऊ दोन मिनिटं गोड हसला. मग त्यानं खुर्ची जरा मागे सरकवली आणि भिंतीवरचं बटण पाठीनंच दाबलं. डोक्यावरचा पंखा बंद.

"लाइटीचं काय खरं नाय काका आमच्याकडं."

पोस्टमनकाकांनी माझ्या टेबलावर गरगरणाऱ्या पंख्याकडे बघितलं.

"तो इन्व्हर्टरवरचा हाय," मनोहरभाऊ म्हणाला. डोळ्याची पापणी लवली नाही.

काका सतराव्या कलमापर्यंत पोचले. नाकावरून घामाचा थेंब कागदावर पडला तसा त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "कुठं करायची सही, सांगा." जन्मभर दुसऱ्यांची पत्रं न उघडता पोचवणारा माणूस, स्वतःचा कागद उघडून अर्धा वाचून थांबला. ते रस्त्याला लागल्यावर पंखा परत सुरू झाला आणि मनोहरभाऊनं शर्टाचं वरचं बटण काढून हवा घेतली. "सतरा," तो मला म्हणाला. "आतापर्यंत सगळ्यात पुढं गेलेला येडा."

मग पुण्याहून कंपनीच्या मॅडम आल्या.

झालं असं की दुसऱ्या कुठल्यातरी राज्यात कोणीतरी कंपनीला कोर्टात खेचलं होतं, आणि असली कलमं लपवून ठेवता म्हणून तिथं कंपनीला चांगलंच झापलं गेलं होतं. म्हणून हेड ऑफिसनं सगळीकडे नवीन फॉर्म धाडले. आता एकतीस नंबर मराठीत होतं. ठळक अक्षरात होतं. भोवती जाड चौकट, चौकटीत पिवळा रंग, आणि चौकटीखाली वेगळी सही. मॅडम पंचविशीच्या, हातात लॅपटॉप, आणि मनापासून सांगत होत्या. "सर, ग्राहकाला हे कलम दिसलं पाहिजे. त्याला ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. कळलं का, असं विचारायचं. मगच सही." त्यांनी स्वतः वाचून दाखवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदा नाही, तीनदा.

मनोहरभाऊ मान हलवत होता. तिसऱ्या वेळी मधेच म्हणाला, "मॅडम, मिसळ तिखट चालंल ना तुमाला? का मध्यम सांगू?"

मॅडम गेल्या आणि शोरूमला अवकळा आली. पिवळी चौकट लांबूनच डोळ्यात भरायची. त्याचा पंजा आता चालेना, चौकट पंज्याच्या बाहेर निघायची. गाडीवर नाव काय टाकायचं विचारलं तरी माणसं अर्ध्या नजरेनं पिवळं बघायची. पहिलीच ओळ वाचून विचारायची, "लवाद म्हंजे काय वो?" आणि लवाद म्हणजे काय हे सांगायची वेळ आली की मनोहरभाऊचा आवाज नाकातून खाली घशात यायचा. एका आठवड्यात तीन गिऱ्हाइकं "घरी इचारून येतो" म्हणून गेली ती गेलीच.

त्याचे ते पंधरा दिवस मी फार आनंदात काढले. पण मग एका म्हातारीनं घोळ केला.

आमच्याकडे गाडी घेतली की पूजा आलीच. शोरूमच्या दारात ताट, नारळ, हळदकुंकू, हार, चाकाखाली लिंबू. एक म्हातारी नातवाबरोबर आलेली. तिनं गाडीला कुंकू लावलं, आरशाला लावलं, चावीला लावलं, आणि बोटाला अजून उरलं होतं म्हणून इकडेतिकडे बघितलं. टेबलावर फॉर्म उघडा होता. पिवळीधम्मक चौकट. पाटाभोवती काढतात तशी. म्हातारीला वाटलं ही जागा त्यासाठीच ठेवलीय. तिनं चौकटीच्या बरोबर मधे बोटानं ऐसपैस स्वस्तिक काढलं, चार टिंबं दिली आणि हात जोडले. नातवानंही हात जोडले. आणि नातू त्या स्वस्तिकाच्या खाली, इतक्या अदबीनं, इतक्या जपून सही करून गेला की मनोहरभाऊ बघतच राहिला.

मी त्याचं तोंड बघत होतो. न्हाव्यानं मालीश करताना होतं तसं झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून शोरूमचा नियम झाला. आधी कागदाची पूजा. तो तेलात भिजवलेलं कुंकू करून आणायला लागला, कारण कोरडं झटकलं जातं आणि ओलं बसतं. "ताई, हितं स्वस्तिक काढा. चौकट पूजेचीच हाय. कंपनीनं मुद्दाम दिलीया. चार टिंबं इसरू नका." माणसं चपला काढायची, कुंकू लावायची, नमस्कार करायची. आणि ज्याला नमस्कार केला ते वाचायला कोण बसतंय? पाया पडलेल्या कागदावर बोट ठेवून 'ह्याचा अर्थ काय' असं विचारायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. कलम दिसावं म्हणून कंपनीनं चौकट दिली. आमच्या लोकांनी त्या चौकटीला देव करून टाकलं. वर तेलाचा डाग पसरून खालची अर्धी अक्षरं गडप.

सगळ्यात भारी गंमत पुढे आहे. मॅडम महिन्यानं परत आल्या तेव्हा त्यानं त्यांना फायली दाखवल्या. "मॅडम, गिऱ्हाईक आता कलमाच्या पाया पडतंय." मॅडमचा चेहरा जरा गोंधळला, पण त्यांनी फोटो काढून हेड ऑफिसला पाठवले. तिकडून एक सर्टिफिकेट आलं. कलमाकडे ग्राहकाचं लक्ष सर्वात चांगलं वेधणारं शोरूम. मनोहरभाऊनं ते फ्रेम करून डोक्यावर लावलं. आणि त्यालाही कुंकू लावलं.

सुनंदाताई आल्या त्या या पूजेच्या दिवसांत.

सुनंदा पिंगळे. साजगावच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे त्यांचं गाव. साजगावच्या एका कारखान्यात दहा वर्षं पॅकिंगला उभं राहून काढलेली बाई, आणि आता तिला लाइनची सुपरवायझर केलं होतं. बाकीच्या बायांना कारखान्याचा टेंपो सातला पोचवायचा. सुपरवायझरनं मात्र पावणेसातला हजर पाहिजे, मशिनी बघायला. म्हणून गाडी. हे सगळं त्यांनी पहिल्या सहीच्या वेळीच सांगून टाकलं, कारण हे नसतं तर त्यांनी गाडी घेतलीच नसती. साहेबांनी त्यांना आधीच बजावलं होतं, उशीर झाला तर जागा दुसरीला.

त्यांनीही स्वस्तिक काढलं. मला आठवतंय, कारण इतकं रेखीव दुसऱ्या कुणाचं नव्हतं. टिंबं देताना श्वास रोखला होता.

दुसऱ्याच महिन्यात गाडी गावच्या चढाला मरायला लागली. ढकलत आणली. मनोहरभाऊ म्हणाला, "चार्जिंग नीट कर." परत मेली. "वजन घेतेस का जास्त?" त्यांच्या डब्याच्या पिशवीकडे बघून विचारलं. दोन वेळा पावणेसातचे सात झाले होते. तिकडे साहेबांनी सांगितलं, आता तिसरा उशीर झाला की परत पॅकिंगला.

तिसऱ्यांदा त्या शनिवारी दुपारी आल्या. गाडी ढकलतच. शोरूममध्ये चार गिऱ्हाइकं बसली होती.

"भाऊ, बॅटरी बदलून द्या. नायतर मी तक्रार करीन."

मनोहरभाऊनं सावकाश कपाट उघडलं. फाईल काढली, नववं पान काढलं, त्यांच्यासमोर धरलं.

"हे कुंकू कुणाचं?"

"माझं."

"सही?"

"माझीच हाय."

"मंग? देवासमोर कबूल केलंस गं. तक्रार करनार नाय म्हणून. भांडायचंच असंल तर गुरुग्रामला जायचं आन् इंग्रजीत भांडायचं. तुझ्या हातचं कुंकू हाय, माझ्या नाय."

सुनंदाताईंनी त्या स्वस्तिकाकडे बघितलं. हे मी कधी विसरणार नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या घाबरल्या. कंपनीला नाही. आपण काहीतरी शपथ घेऊन बसलोय आणि आता ती मोडायला निघालोय, याला घाबरल्या.

"गुरुग्राम कुटं आलं?"

"दिल्लीच्या अंगाला."

"तिथं बायांना ऱ्हायला सोय हाय का?"

मनोहरभाऊ हसला आणि बाकीच्या गिऱ्हाइकांकडे बघितलं, त्यांनीही हसावं म्हणून. एक हसला. बाकीचे आपापल्या हातातल्या फॉर्मकडे बघायला लागले.

सुनंदाताई खुर्चीवर बसल्या. डब्याची पिशवी मांडीवर घेतली.

"वाचा," त्या म्हणाल्या.

"काय वाचू?"

"मी काय कबूल केलंय ते. आमच्यात शपथ मनातल्या मनात नाय घेत. मोठ्यानं घेतात. तुमी मला चौकट पूजेची हाय म्हणालात, म्हणून मी वाचलं नाय. आता मी शपथ घेतली असंल तर तिचे शब्द तरी ऐकू द्या."

"अगं, तुझीच सही—"

"वाचा भाऊ. सगळं."

त्यानं कागद जवळ नेला, लांब नेला. "तेल लागलंय. दिसत नाय काय."

मी दुसऱ्या टेबलावरून एक कोरा फॉर्म पुढे सरकवला. माझं या सगळ्यात एवढंच काम. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की दुसऱ्या कुणाकडे बघितलं असतं तर त्याला ताप भरला असता.

मग तो वाचायला लागला. नाकातल्या आवाजात, गिऱ्हाइकांना सह्या सांगतो त्याच चालीत. कंपनीनं नेमलेला लवाद, गुरुग्राम, इंग्रजी भाषा, निर्णय बंधनकारक. वाचता वाचता त्याला रंगही चढला. 'बंधनकारक' तर त्यानं दोनदा म्हटलं. आणि त्याच रंगात, त्याच चालीत, तो चौकटीच्या शेवटच्या ओळीवर आला:

"मात्र ग्राहकाला आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची असल्यास, हे कलम त्याच्या आड येणार नाही."

'नाही' म्हणून झाल्यावर त्याला ऐकू आलं.

मी आजवर बरेच चेहरे करून बघितलेत, तो मला नाही जमत. ज्या ओळीवर रोज तेलाचं कुंकू पसरवलं, ती त्यानं कधी वाचलीच नव्हती. पहिल्या दिवसापासून हा माणूस ते पान राखत बसला होता आणि पानात काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. मॅडमनी तीनदा वाचलं तेव्हा हा मिसळीचं तिखट ठरवत होता. आणि मीही शहाणा, जुना फॉर्म वाचून बसलो होतो, नवीन ना उघडला, ना मॅडमचं वाचणं कान देऊन ऐकलं.

"परत वाचा," सुनंदाताई म्हणाल्या.

"पाणी घेता का, ताई?"

'तू'चं एकदम 'तुमी' झालं. सही झाल्यानंतर 'तुमी' झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"पाणी नको. परत वाचा."

तो वाचेना. तेव्हा बाजूच्या खुर्चीवरचा, चौकचाच एक टायरवाला, हेल्मेट मांडीवर ठेवून बसला होता, त्यानं फॉर्म उचलला आणि शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, "जिल्हा म्हंजे अलिबाग की वो. गुरुग्राम कशाला पायजे?"

"छापताना चुकलं असंल," मनोहरभाऊ म्हणाला.

सुनंदाताईंनी तो कोरा फॉर्म टायरवाल्याच्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि डब्याच्या पिशवीत ठेवला. उठल्या.

"मी शपथ मोडत नाय," त्या म्हणाल्या. मनोहरभाऊला नाही, डोक्यावरच्या फ्रेमलाही नाही, कुठेतरी वर बघून म्हणाल्या. "शपथेतच लिवलंय."

चारातले तीन जण त्या दिवशी फॉर्म घरी वाचायला घेऊन गेले. मनोहरभाऊनं लगेच पुण्याला फोन लावला, स्पीकरवर, मला ऐकू जावं म्हणून. कंपनीनं चुकीचं छापलंय असं ठणकावून सांगायचं होतं त्याला. पलीकडून मॅडम म्हणाल्या, "सर, ती ओळ घालायलाच लागते. तुम्ही आतापर्यंत ग्राहकांना काय वाचून दाखवत होता?" त्यानं स्पीकर बंद केला.

सुनंदाताई अलिबागला गेल्या. एका सुट्टीला गेल्या तर कागद कमी पडले, पुढच्या सुट्टीला परत गेल्या. खोपोलीहून पेण, पेणहून अलिबाग, येष्टीनं. तक्रार दाखल झाली. पण तक्रार काही गाडी चालवत नाही. त्या मधल्या दोन-अडीच महिन्यांत त्या सव्वापाचला घर सोडायच्या आणि डोंगराच्या पायवाटेनं, मग रस्त्यानं चालत साजगावला पोचायच्या. हातात टॉर्च. त्यांच्या लाइनवरच्या एका बाईचा विमा करायला गेलो तेव्हा तिनं सांगितलं, "एक दिवस उशीर नाय केला हो तिनं. पाय सुजले तर दुकानातून मोठ्या नंबरच्या चपला आणल्या." जागा टिकली होती, पण अशी, रोज पहाटे पायांवर.

आयोगाची नोटीस हेड ऑफिसला पोचली आणि तिथून शोरूमला फोन आला. नवीन बॅटरी, घरपोच, ताबडतोब. मनोहरभाऊनं सुनंदाताईंना फोन केला आणि नाकातून विचारलं, दुपारी येऊ का. त्या म्हणाल्या, "सकाळी सहाच्या आत या. मग मी नसते."

त्यानंतर महिनाभरात मी ती नोकरी सोडली. तो आता कर्जतला कुठल्यातरी फ्लॅटच्या स्कीमवर बसतो म्हणतात. मी बघायला गेलो नाही. माझ्या डोळ्यासमोर आहे तो त्या सकाळचाच.

टेंपोवाल्यानं गावाच्या चढाखाली गाडी थांबवली आणि पुढं जात नाय म्हणाला. मनोहरभाऊनं खूप सांगून बघितलं. साहेब आहे, कंपनीचं काम आहे, वगैरे. टेंपोवाला बिडी ओढत बसला. बॅटरी म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या गोणीएवढा डबा. मनोहरभाऊनं माझ्याकडे बघितलं. माझ्या एका हातात पाना-पकड होती, आणि दुसऱ्या हातात चार्जर. हात मोकळा नव्हता. खरंच नव्हता. शेवटी त्यानं डबा खांद्यावर घेतला आणि त्या पांढऱ्याफेक शर्टात चढ चढायला लागला. वळणावर दोनदा थांबला. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा डोक्यावरचे केस जागेवर नव्हते, आणि ते दाबायला एक हात शिल्लक नव्हता.

सुनंदाताई अंगणात हेल्मेट घालूनच उभ्या होत्या. मी बॅटरी बसवली. त्या गाडी घेऊन देवळापर्यंत वर गेल्या, खाली आल्या, परत वर गेल्या, परत खाली आल्या. मान हलवली.

मनोहरभाऊ श्वास आवरत होता. त्यानं खिशातून एक घडी केलेला कागद काढला. तक्रार मागे घेतल्याचा. हेड ऑफिसनं दिलेला. पेन पुढे केलं.

"ताई, फक्त हितं एक सही."

त्यांनी कागद घेतला, पेन घेतलं नाही. कागद गाडीच्या डिकीत टाकला आणि डिकी बंद केली.

"रविवारी सुट्टी हाय मला. तवा वाचते."

"अवो, दोन ओळी हायत—"

"मंग काय, लवकर होईल वाचून." त्यांनी चावी फिरवली. "ती जुनी घेऊन जावा. हितं नको पडायला."

तसं त्यानं जुनी बॅटरी खांद्यावर घेतली, आणि आम्ही उतरायला लागलो. मागून गाडी आली. बॅटरीच्या गाडीला आवाज नसतो, म्हणून सुनंदाताईंनी हॉर्न दिला. रस्ता अरुंद. मनोहरभाऊला बाजूच्या गवतात उतरायला लागलं, दव पडलेल्या. खांद्यावरच्या डब्यानं त्याला त्या बाजूचं काही दिसत नव्हतं, कोण गेलं तेही नाही. तरी तो नाकातून म्हणाला, "सावकाश जावा, ताई."

त्या गेल्या होत्या. खाली वळणावर लाल दिवा एकदा लागला, मग विझला. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मनोहरभाऊ गवतात उभा होता आणि घोट्यापर्यंत भिजलेल्या पँटनिशी रस्त्यावर वर यायला कुठं पाय ठेवावा ते चाचपत होता.